ती चिनी म्हण पैशाची भलामण करत नाही

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय. गरीब भर बाजारात राहिला तरी त्याला कोणी विचारत नाही, श्रीमंत दूर डोंगरात राहिला तरी लांबचे नातलग त्याला शोधत येतात, असं कन्फ्यूशियस म्हणून गेला. चिनी लोकांना हे हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तेव्हा आधी पैसा कमवा, नाती आपोआप येतील. आमच्या नात्यातल्या एकाची नोकरी गेली, त्याच आठवड्यात हा संदेश घरच्या ग्रुपवर पडला. तोही त्या ग्रुपवर आहे. म्हणून हे लिहितोय.

म्हण अस्सल चिनी आहे, पण कन्फ्यूशियसची नाही. मिंग काळात (१३६८ ते १६४४) प्रचारात आलेल्या 'झेंगग्वांग श्येनवेन' या सुभाषितसंग्रहातली ती आहे. मुलांकडून हा संग्रह पाठ करून घेत. कन्फ्यूशियस वारला इ.स.पू. ४७९ मध्ये. त्याचा लाडका शिष्य यान हुई एका गल्लीबोळात राहायचा, थोडा भात आणि तुंबाभर पाणी यावर भागवायचा, तरी त्याचा आनंद ढळत नसे. गुरूने त्याची तोंडभरून स्तुती केली आहे.

आता 'पैसा कमवा' हा अर्थ. त्याच संग्रहात म्हटलंय: खोटं वाटत असेल तर मेजवानीतली दारू बघा, प्रत्येक पेला आधी पैसेवाल्यापुढेच धरतात. हे कोण बोलतंय? पंगतीच्या टोकाला बसलेला, ज्याच्यापर्यंत पेला अजून पोचलाच नाही तो. हे दुखणं आहे, सल्ला नाही. आपली आजी 'असतील शिते तर जमतील भुते' म्हणते, तेव्हा ती भुतांची बाजू घेत नसते.

सिमा च्येन या इतिहासकाराने हान काळातल्या झाय गोंग या न्यायमंत्र्याची हकिगत दिली आहे. पद होतं तेव्हा दारात पाहुण्यांची रीघ. पद गेलं, आणि दार इतकं ओस पडलं की तिथे चिमण्यांसाठी जाळं लावावं. पुढे पद परत मिळालं, तसे पाहुणेही परतू लागले. तेव्हा त्याने दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एक मेला, एक जगला, की मैत्री कळते, एक गरीब, एक श्रीमंत झाला, की तिची तऱ्हा कळते. लाजवायचं होतं ते परतणाऱ्या पाहुण्यांना.

राहिलं 'चिनी लोक असंच मानतात'. अडचणीत धावून येण्याला चिनी भाषेत 'बर्फात कोळसा पोचवणं' म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग आजही रोजच्या बोलण्यात आहे. मैत्रीचा त्यांचा सर्वांत मोठा दाखला ग्वान झोंग आणि बाओ शुया यांचा. दोघांचा भागीदारीत व्यापार होता आणि ग्वान नफ्यातला मोठा वाटा स्वतःकडे ठेवायचा. बाओने त्याला कधी हावरट म्हटलं नाही. घरी गरिबी आहे हे त्याला माहीत होतं. पुढे ग्वान 'ची' नावाच्या राज्याचा मुख्यमंत्री झाला, तोही बाओच्याच शब्दावर. तो म्हणायचा, "जन्म आईवडिलांनी दिला, पण मला ओळखलं ते बाओनं."