दिवाळीत खिचडी? घरी कोणी आजारी आहे का?

आज ऑफिसात डबा उघडला. मुगाची खिचडी, वर तूप, आणि भाजलेला पापड वेगळ्या पिशवीत, मऊ पडू नये म्हणून. पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमनी मान लांब करून डब्यात बघितलं आणि अख्ख्या पँट्रीला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं, धनत्रयोदशीला खिचडी? घरी कोणी आजारी आहे का?"

तेव्हा हसले मी. "नाही हो, सगळे ठणठणीत आहेत" म्हणाले आणि वर त्यांनाच दोन चमचे वाढले (खाल्ले त्यांनी मिटक्या मारत, ते वेगळंच). आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत, मोबाईल घेऊन बसलेय आणि आत्ता मला राग येतोय. माझं हे नेहमीचंच, राग आठ तास उशिरा येतो.

कोणी काही म्हणायच्या आत सांगून ठेवते, काल वसुबारस होती, गहू-मूग खायचे नसतात म्हणून काल बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी केली होती. आज मूग चालतात. एवढं मला पण कळतं.

तर, गेले दहा दिवस भेटेल तो एकच विचारतोय, फराळ झाला का. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे फराळ झाला का. एकाने, एकाने सुद्धा विचारलं नाही की बाई गं, ऑफिसातून येऊन रात्री अकरापर्यंत बेसन भाजत उभी असतेस, तर मग जेवायला काय करतेस? जणू या दिवसांत घरातली माणसं जेवतच नाहीत. अहो उलट दुप्पट जेवतात! बेसन बारीक गॅसवर पाऊण तास भाजायचं, हात थांबला की खाली लागलंच, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी येऊन विचारणार, पोळ्या कधी लाटणार. कुठल्या हाताने लाटू? तिसऱ्या?

तुम्हाला वेगळं सांगायला नको, नरक चतुर्दशीलाच बघा. पहाटे साडेचारला उठा, तेल लावा, उटणं, आंघोळी, कारीट फोडा (मिळालं तर, आता शोधावं लागतं), सहा वाजता रांगोळीसमोर फोटो आणि मग फराळ. लाडू, चिवडा, चकली, करंजी, शेव, परत चिवडा. सात वाजता सगळे पोट धरून सोफ्यावर आडवे. आपल्याला वाटतं, चला, आता संध्याकाळपर्यंत सुटलो. आणि साडेअकराला तोच माणूस, तोच, स्वयंपाकघरात येतो, पातेल्यावरचं झाकण उचलून बघतो आणि म्हणतो, "आज जेवायला काय?"

मी सातवीत होते त्या वर्षीची दिवाळी आमच्याकडे "अनारसे हसले ती दिवाळी" म्हणून प्रसिद्ध आहे. बाबा दर वर्षी सांगायचे, नवीन जावई असो नाहीतर शेजारी, पहिला लाडू तोंडात गेला की गोष्ट सुरू. ज्यांनी कधी केले नाहीत त्यांच्यासाठी, अनारसा तुपात सोडल्यावर फाटत जाऊन विरघळायला लागला की तो हसला म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पंचावर सावलीत पसरायचे, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, किसलेला गूळ घालून गोळे करून डब्यात मुरवत ठेवायचे. आणि एवढं सगळं झाल्यावर, आठवड्याने, कढईत पहिला अनारसा सोडला की कळतं की गूळ जास्त झालाय. त्या वर्षी आईचे हसले. पहिला हसला. मग तिने पिठात तांदळाची पिठी मिसळली, दुसरा पण हसला. तिसरा तर कढईभर हसला. तुपात नुसता चॉकलेटी चुरा आणि वर खसखस तरंगतेय. आणि आठ वाजता आत्या, काका आणि त्यांची तीन मुलं जेवायला येणार. ओट्यावर जेवणाच्या नावाने काही नाही, कारण संध्याकाळ सगळी अनारशांनी खाल्ली.

तर बाबांनी पिठलं केलं. त्यांना आयुष्यात तीनच गोष्टी करता आल्या, चहा, ऑम्लेट आणि पिठलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या, भात कुकरने सांभाळला, लसणाची चटणी डब्यात होती, कांदे बुक्कीने फोडले. सतरंजी टाकून आम्ही नऊ जण खाली बसलो आणि तुटून पडलो. बाहेर फटाके चाललेत आणि आम्ही पिठलं-भात ओरपतोय. आत्या अजून म्हणते, तसलं जेवण परत कधी झालं नाही. बाबा म्हणायचे, लक्ष्मी त्या वर्षी हसत हसत आली.

सांगायचं काय, तर लक्ष्मीपूजनाला पिठलं-भात खाल्ला आणि आमचं काहीही वाकडं झालं नाही. मग धनत्रयोदशीला खिचडी खाल्ली तर आजारी कशाला पडायला पाहिजे कोणी?

आता तुमच्यातलेच काही म्हणतील सणाला वेगळं काही नको का. हवं, मान्य. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे ठेवाच, पाडव्याला श्रीखंड करा, भाऊबीजेला भावाच्या आवडीचं करा, मी पण करते. पण पाच दिवस दोन्ही वेळा पंगत कशाला? आणि "मग फराळ विकत आण ना" म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आणते की! चकल्या आमच्या इथल्या बचत गटातल्या ताईंकडून घेते, माझ्यापेक्षा शंभरपट बऱ्या असतात, काटा कसा सुंदर येतो. अनारसे तर मी जन्मात घरी केले नाहीत, कारण वर सांगितलंच. पण फराळ विकत आणला म्हणून दुपारच्या आमटीचा प्रश्न सुटतो का? डबा विकत मिळतो, पण दुपारी एक वाजता "काय करू" हा जो प्रश्न पोटात गोळा आणतो ना, तो आपलाच राहतो.

खिचडीला नावं ठेवणाऱ्यांनी ती नीट खाल्लेलीच नसते असं माझं मत आहे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, मी पाऊण घेते, धुवून निथळत ठेवायची. कुकरमध्येच तुपाची फोडणी, जिरं, हिंग, चार मिरीदाणे, कढीपत्ता, हळद. डाळ-तांदूळ चांगले परतायचे, तुपाचा वास येईपर्यंत, इथे घाई करायची नाही, बाकी सगळीकडे केली तरी चालते. मग चार वाट्या कढत पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. आसट हवी तर पाच वाट्या. कुकरात वाफ कोंडली जाते म्हणून आतलं पाणी १०० च्या पुढे, १२० अंशांच्या आसपास जातं आणि म्हणून डाळ एवढ्या पटकन शिजते, हे माझ्या लेकाने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं, मी शेजारी उभी राहून शिट्ट्या मोजत असताना. त्या वीस मिनिटांत माझी रांगोळी होते. वाफ जिरल्यावर झाकण काढलं की वर ओलं खोबरं, कोथिंबीर, झालं. हे सणाचं जेवण नाही? का, त्यात साखर नाही म्हणून?

आणि खरं सांगा, पाडव्यापर्यंत तुमच्या घरातले स्वतःहून काय मागतात? गुरगुट्या भात आणि मेतकूट. टोमॅटोचं सार. दडपे पोहे. माझा नवरा, जो चकलीच्या डब्याजवळ घुटमळत असतो, तो भाऊबीजेच्या आदल्या रात्री हळूच म्हणतो, "साधं वरण-भात-लिंबू करतेस?" दर वर्षी. आणि दर वर्षी मी पहिल्या दिवशी तीन भाज्या करते. म्हणजे मूर्ख कोण ते पण बघायला पाहिजे.

बरं, त्या मॅडमवर एवढा राग काढण्यात पण अर्थ नाही. त्यांनीच नंतर सांगितलं, रात्री दीडपर्यंत चिरोटे लाटत होत्या. आणि त्यांच्या डब्यात काय होतं? कालची पोळी आणि लोणचं. भाजी करायला झालंच नाही म्हणाल्या. डब्याचं झाकण अर्धंच उघडून जेवत होत्या. मी ते बघितलं होतं आणि विसरले, आत्ता लिहिताना आठवलं.

इथपर्यंत लिहून मी आईला फोन लावला. म्हटलं त्या वर्षी तांदूळ किती घेतले होते विचारावं, पोस्टमध्ये टाकू. ती जागीच होती, करंज्या मोजत होती.

"कसलं पिठलं?" म्हणाली. "मला त्यातलं तूप आठवतं. दीड किलो लोण्याचं तूप होतं, घरी कढवलेलं. गाळून बघितलं, फडक्यातून गाळलं, जळक्या गुळाचा वास काही गेला नाही. शेवटी टाकलं."

मी म्हटलं, अगं पण बाबांचं पिठलं, सगळे किती खूश होते.

"होते ना. मीठ कमी होतं त्यात, आठवतंय का? कोणी बोललं का? माझ्या भाजीत कमी पडलं असतं तर बोलले असते. आणि त्यांनी केलं खरं, पण कढई कोणी घासली? दोन कढया होत्या, एक अनारशांची, एक पिठल्याची. तळाला लागलेलं होतं." मग जरा थांबून, "तुझी आत्या जाताना दारात म्हणाली, वहिनी, यंदा अनारसे नाही का केलेत?"

आत्या फार गोड आहे माझी, तिच्या मनात काही नसणार, तिला कढईतलं माहीतच नव्हतं. पण पस्तीस वर्षं होत आली आणि आईला ते वाक्य जसंच्या तसं आठवतंय, दारात म्हणाली यासकट.

वर मी लिहिलंय नऊ जण खाली बसलो. आत्ता बोटांवर मोजलं. मी, दादा, बाबा, आजी, आत्या, काका, त्यांची तिघं. नऊ झाले.

आईला विचारलं, तू कधी जेवलीस गं त्या दिवशी? "नंतर. भात उरला होता, ताक घातलं. तुला आता काय करायचंय त्याचं? झोप, उद्या ऑफिस नाही का?"

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहीत नाहीये, त्या काळात कुठल्या घरातला पुरुष उठून गॅसपाशी गेला असता, ते गेले, माझ्या मैत्रिणींच्या घरी तर ते पण नव्हतं. गोष्ट ते फार सुंदर सांगायचे, हातवारे करून, तिसरा अनारसा हसला हे सांगताना स्वतः एवढे हसायचे की डोळ्यांत पाणी. आई तेव्हा चहा टाकायला आत गेलेली असायची. दर वेळी. आम्हाला वाटायचं तिला गोष्ट पाठ आहे म्हणून.

वरचा नऊचा आकडा मी बदलत नाहीये, राहू दे तसाच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आई इकडे येतेय. जेवायला पिठलं-भात, लसणाची चटणी, फोडलेला कांदा. पिठलं नवरा करणार आहे, त्याला आत्ताच सांगितलंय, कढई घासण्यासकट. बेसन पाण्यात आधी कालवून घे हे पण सांगितलं, तरी गुठळ्या झाल्या तर झाल्या. पण मीठ कमी पडलं तर मी बोलणार आहे.