जागलीच्या भोंग्याला रिचार्ज लागत नाही

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी तिचा गाभा सांगतो. मी लिहिलं होतं की मेमरी कार्डचा स्लॉट आणि हेडफोनचा जॅक काढून टाकलेला फोन कितीही महाग असला तरी अर्धवटच. तुमचं म्हणणं असं की हे गावाच्या नावावर खपवलेलं जुन्याचं रडगाणं आहे. डेटा स्वस्त झालाय, सगळं ऑनलाइन मिळतं, ही भोकं पाणी आत जाऊ नये म्हणून बुजवली, आणि कार्डात असतं तरी काय, चोरीची गाणीच ना! वरून विचारलंत, "मग काय आम्ही कीपॅडचा फोन वापरायचा?"

पाण्याचं आधी उरकतो. सॅमसंगचा गॅलेक्सी एस5 आला 2014 साली. मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी हाताने काढायची, कार्ड घालायचं, जॅकही होता, आणि तरी त्याला आयपी67 मानांकन होतं, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याची पावती. 2016 च्या एस7 ला तर त्याहून वरचं आयपी68, आणि त्यातही कार्ड नि जॅक दोन्ही शाबूत. त्याच वर्षी सप्टेंबरात ॲपलने आयफोन 7 मधून जॅक काढला आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरचे एअरपॉड्स जाहीर केले. आता पाणी कुठे मुरतं ते तुम्हीच बघा.

डेटाचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तिथे तुमचं नि माझं जगच वेगळं आहे.

आमच्याकडे हरभरा घाट्यावर आला की रात्री जागलीला, म्हणजे पीक राखायला, जावं लागतं. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत वावर साफ करतात. पूर्वी माळ्यावर बसून डबडं वाजवत ओरडायचं, आता बॅटरीवरचा भोंगा लावतात. त्यात मेमरी कार्ड असतं. शेतकरी आपलाच आवाज भरतो, "हाऽऽड! हो हो हो!", मग कुत्र्यांचं भुंकणं, मग फटाक्याचा बार, आणि ते रात्रभर फिरत राहतं. पण डुक्कर बेणं हुशार असतं. चार-सहा रात्री तोच आवाज त्याच क्रमाने ऐकला की ते भोंग्याच्या बाजूलाच येऊन चरतं. म्हणून आवाज बदलत राहावे लागतात. भोंग्यातलं कार्ड काढायचं, फोनमध्ये घालायचं, नवीन रेकॉर्डिंग टाकायचं, पुन्हा भोंग्यात. धुऱ्यावर उभ्या उभ्या होणारं काम आहे हे. ज्याच्या नव्या फोनला स्लॉट नाही तो एक तर कार्ड रीडर शोधत फिरतो, नाहीतर शेजाऱ्याचा जुना फोन मागतो. तुमची "सगळं ऑनलाइन" वाली ओळ मी एका जागल्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "डुक्कर काय रिचार्ज पाहून येते का बाप्पा?"

रेंजचंही ऐका. एका कंपनीची रेंज गावात, दुसरीची वावरात, त्यामुळे दोन सिम ही चैन नाही. लाइन बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही बसते. आणि यात फोन कंपन्यांनी एक भारी गंमत करून ठेवलीय, ती म्हणजे हायब्रिड ट्रे. खोक्यावर लिहायचं "दोन सिम" आणि "मेमरी कार्ड", पण दुसऱ्या खाचेत दोघांपैकी एकच बसतं. म्हणजे वावरातून फोन लागायला हवा की भोंग्याचं कार्ड, ठरवा तुम्ही.

सगळ्यांना डेटाच हवाय असंही नाही. तसं असतं तर ट्रायला, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना "नुसते कॉल आणि एसएमएसचेही पॅक द्या" असं बजावावं लागलं नसतं.

ऑनलाइन मिळतं ते आपलं असतं का, हा माझ्या लेखाचा खरा मुद्दा होता, आणि त्याला तुम्ही हातच लावला नाही. विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप 2024 साली बंद झालं. स्पॉटिफायवर उतरवून ठेवलेली गाणीसुद्धा 30 दिवसांत एकदा इंटरनेटला हजेरी लावली नाही तर वाजत नाहीत. 2009 मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलवरून (पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून) परस्पर पुसली होती. पैसे परत केले, पण पुस्तक गेलं ते न विचारताच. आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांनी खंजेरीवर म्हटलेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं कुठल्याच ॲपवर नाहीत. ती कार्डावर आहेत, आणि त्याच्या नकला घरोघरी आहेत. 128 केबीपीएसने, म्हणजे ऐकायला ठीकठाक अशा दर्जाने, भरली तर 32 जीबीच्या कार्डात साडेपाचशे तासांचा आवाज मावतो. भजनी मंडळाला सात जन्म पुरेल!

चोरीच्या गाण्यांबद्दल तुमच्याशी वाद नाही. मोबाइलच्या दुकानावर "गाणी भरून मिळतील" अशी पाटी असायची आणि ती उघड चोरी होती. पण ती दुकानं स्लॉट गेल्यामुळे बसली नाहीत, 2016 मध्ये जिओ आल्यावर बसली. चोरी टेलिग्रामवर गेली, तिथे कार्ड लागतच नाही.

कार्डाचा खरा दोष तुम्ही सांगितलाच नाही, तो मीच सांगतो. बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. वर छापलेलं 64 जीबी, फोनलाही 64 दिसतं, आत माल असतो 8 चा. आठ भरेपर्यंत सगळं गोड. पुढे फाइलींची नावं दिसतात, पण उघडत नाहीत, कारण आत काही लिहिलंच गेलेलं नसतं. म्हणून बिल देणाऱ्याकडूनच घ्यावं, आणि नवं कार्ड पहिल्याच दिवशी काठोकाठ भरून शेवटची फाइल वाजवून बघावी. कार्ड ॲपसाठी संथ असतं हेही खरं, पण ॲप कार्डावर टाका म्हणतंय कोण?

जॅकबद्दल एकच. फोनमधल्या एफएमला हेडफोनची वायर हीच अँटेना असते. 2023 मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयाने फोनमध्ये एफएम चालू ठेवा असा सल्ला कंपन्यांना दिला, आपत्तीच्या वेळी रेडिओ कामी येतो म्हणून. वायर खोचायलाच जागा नसेल तर बहुतेक फोनमध्ये ते एफएम मुकंच.

राहिला कीपॅडचा फोन. तो घ्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, ॲपवरच करावी लागते, उभ्या पिकाचा फोटो वावरात जाऊन काढावा लागतो. स्मार्टफोन लागतोच. म्हणून तर म्हणतो, दुकानात पैसे मोजण्याआधी सिमचा ट्रे बाहेर काढून दाखवायला सांगा. तीन खाचा असल्या तर घ्या. दोनच असल्या तर दुसरा फोन दाखवायला सांगा, दुकानदाराने कितीही तोंड वाकडं केलं तरी.