पहिल्याच परिच्छेदात ग्रह जाळावा

गेली काही वर्षे आपण प्लॅस्टिकचे बोटभर उंचीचे सैनिक रंगवत बसला आहात, चार केसांच्या कुंचल्याने त्यांच्या खांद्यांवर सोनेरी कड काढून झाली आहे, आणि आता त्यांतल्या एखाद्याने तोंड उघडून चार शब्द बोलावेत असे आपल्याला वाटू लागले आहे. म्हणजेच दूरच्या भविष्यातली युद्धे टेबलावर अशा सैनिकांनी खेळण्याचा जो वॉरहॅमर 40,000 नावाचा खेळ आहे, त्याच्या विश्वात घडणारी लघुकथा लिहिण्याची वेळ आली आहे. ही इच्छा जपून हाताळावी लागते, कारण सैनिक बोलू लागला की त्याचा माणूस होतो आणि माणूस झाला की त्याची गोष्ट सुरू होते. या प्रकारात गोष्ट टाळून नुसते युद्ध कसे शिल्लक ठेवावे, हे खरे कसब आहे. ते साधावे म्हणून अनुभवाचे चार बोल सांगतो.

पहिल्याच परिच्छेदात एक ग्रह जाळावा. त्याला या विश्वात ‘एक्स्टर्मिनॅटस’ असे भारदस्त नाव आहे, त्यामुळे वेगळे कारण द्यावे लागत नाही. ‘त्या रात्री 900 कोटी माणसे मेली’ हे वाक्य लिहायला अर्धे मिनिट पुरते. याउलट ‘त्या रात्री सुताराची थोरली मुलगी मेली’ असे लिहायचे म्हटले की आधी सुतार आणावा लागतो, त्याला घर द्यावे लागते, घरात रंधा आणि भुसा आणावा लागतो, आणि मुलगी बापाला जेवायला हाक मारायला येते तेव्हा तिच्या वेणीत भुशाचे कण अडकलेले दाखवावे लागतात. एवढे कष्ट करूनही मेलेल्यांची संख्या एकच भरते. आपल्याला हा व्यवहार परवडणार नाही.

आकडे मोठे घ्यावेत, मात्र त्यांचा गुणाकार-भागाकार करू नये. मानवी साम्राज्यात 10 लाख ग्रह आहेत असे सांगतात. त्यांचे रक्षण करणाऱ्या स्पेस मरीन योद्ध्यांच्या सुमारे 1,000 तुकड्या आहेत आणि एका तुकडीत सुमारे 1,000 योद्धे असतात. भागाकार केला तर ग्रहामागे एक योद्धा येतो, आणि आपल्याकडे एका तालुक्यालाही त्याहून मोठा बंदोबस्त लागतो, ही गोष्ट वाचकाच्या ध्यानात येईल. सम्राट 10,000 वर्षे सोन्याच्या सिंहासनावर जिवंत आणि मृत यांच्या मध्ये कुठेतरी बसून आहे आणि त्याच्या दिव्याला तेल म्हणून रोज 1,000 अतींद्रिय शक्ती असलेली माणसे खर्ची पडतात. याच दराने हिशेब केला तर 365 कोटी होतात. हा आकडा कथेत जरूर घालावा. त्यांतल्या एकाला सकाळी रांगेत उभे असताना तहान लागली होती, असे मात्र घालू नये. पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध निरोपात मोत्ये गळाल्याचे आणि मोहरा हरपल्याचे कळवून खुर्दा किती गेला याची गणती नाही असे म्हटले होते. निरोप पाठवणाऱ्याला घाई होती. आपल्याला तशी घाई नाही, तरीही धोरण तेच ठेवावे.

नायक म्हणून स्पेस मरीनच निवडावा. लहान वयात त्याला घरातून उचलतात, त्याच्या शरीरात नवे अवयव बसवतात, आणि त्यानंतर त्याला भय माहीत राहत नाही. त्याला हृदये दोन असतात. लेखकाने त्यांपैकी एकाचाही उपयोग करू नये. ज्याला भीती वाटत नाही त्याच्यावर काही बेतत नाही, आणि ज्याच्यावर काही बेतत नाही त्याच्याबद्दल बारा पाने लिहिणे अवघड जाते. पण त्यासाठीच बोल्टर नावाची बंदूक आहे, जिची गोळी शरीरात शिरल्यावर फुटते. दर पानाला तीन वेळा ती झाडली की बारा पाने सहज भरतात. मधल्या जागेत करवतीसारखे दाते फिरणारी तलवार चालवावी. त्याला घरातून उचलून नेले त्या दिवशी आईने काय शिजवले होते, हे त्याला पुसटसे आठवत असेल काय, असा प्रश्न मनात आल्यास लिखाण थांबवून फेरी मारून यावे.

साध्या पायदळाच्या वाटेला तर अजिबात जाऊ नये. पूर्वी ‘इम्पीरियल गार्ड’ म्हटली जाणारी ही फौज 2014 पासून ‘अ‍ॅस्ट्रा मिलिटारम’ या लॅटिन वळणाच्या नावाने विकली जाते, पण बारसे पुन्हा केले म्हणून शिपायाचे नशीब बदलले असे नाही. त्याच्या हातातल्या लेसर बंदुकीला खेळणारे लोक कौतुकाने टॉर्च म्हणतात. त्याच्या खिशात एक सरकारी पुस्तिका असते आणि समोरून येणारा हिरवा, आडदांड ऑर्क हा मुळात दुबळा प्राणी आहे असे तिच्यात छापलेले असते. पाठीमागे पिस्तूल घेऊन कॉमिसार उभा असतो आणि शिपाई डगमगला तर त्याला जागेवर गोळी घालण्याचा अधिकार त्याला असतो. म्हणजे पुढे ऑर्क, मागे कॉमिसार, आणि मध्ये चिखलात गुडघाभर रुतलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, जो पुस्तिकेतले वाक्य आणि समोरचे दृश्य आलटून पालटून पाहतो आहे. यात कथा आयती तयार आहे, आणि नेमका हाच धोका आहे. 1997 मध्ये हा खेळ विकणाऱ्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने ‘इन्फर्नो!’ हे कथांचे नियतकालिक सुरू केले, तेव्हा आपला ग्रह गमावून बसलेल्या एका पायदळ पलटणीच्या कथा त्यात आल्या आणि पुढे त्यांच्या कादंबऱ्यांची रांग लागली. जळालेला ग्रह वाचकांनी एका वाचनात पचवला. त्या शिपायांना गावाकडच्या रानाची आठवण येत राहते, ही गोष्ट मात्र ते अजून सांगतात. लेखकाच्या हातून एवढी ढिलाई होता कामा नये.

कारकुनाचेही तसेच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटम नावाच्या खात्यात बापाची खुर्ची मुलाकडे येते, हुकूम मुक्कामी पोचेपर्यंत पिढ्या उलटतात, आणि एखाद्या ग्रहाचे कागद गहाळ झाले तर तो ग्रह साम्राज्याच्या लेखी उरत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी आवक-जावक विभागाच्या खिडकीसमोर उभे राहून ‘साहेब जेवायला गेलेत’ हे ऐकले आहे, अशा मराठी वाचकाला या खात्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. साहजिकच आपल्या मनात येईल की मदतीची याचना करणारे पत्र चुकीच्या गठ्ठ्यात बांधणाऱ्या कारकुनावर लिहावे, ज्याला त्या दिवशी दाढदुखी होती आणि आपण काय केले हे ज्याला मरेपर्यंत कळले नाही. हा मोह आवरावा. दाढदुखी वाचकाला समजते आणि समजलेल्या गोष्टीचा दरारा वाटत नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. साम्राज्याची उच्च भाषा इंग्रजी पुस्तकांत मोडक्यातोडक्या लॅटिनसारखी लिहितात, तेव्हा कोणत्याही नामाला ‘उस’ किंवा ‘उम’ जोडले की ते पुरातन होते. विशेषणे तीन ठेवावीत: रक्तरंजित, अनंत, शापित. त्यांचा क्रम बदलत राहिले की शैली होते.

सर्वांत महत्त्वाची सूचना हसण्याबाबत आहे. 1987 मध्ये या विश्वाचे पहिले पुस्तक आले, तेव्हा त्याच्या कर्त्यांना विनोदाचे वावडे नव्हते. त्यातल्या एका धर्मरक्षक अधिकाऱ्याचे नाव ऑबीवान शेरलॉक क्लुसो होते. ऑर्क अजूनही लंडनच्या फुटबॉल सामन्यातल्या दंगेखोरांच्या बोलीत बोलतात आणि लाल रंगाची गाडी जास्त वेगाने पळते अशी त्यांची श्रद्धा आहे. श्रद्धा इतकी दांडगी की गाडी खरेच वेगाने पळते. कुजत चाललेला सम्राट, त्याच्या नावाने एकमेकांना जाळणारे भक्त आणि यंत्र दुरुस्त करण्याऐवजी त्याला उदबत्ती ओवाळणारे पुरोहित, हे सारे मुळात साम्राज्याच्या तोऱ्याची टिंगल होती. आपण मात्र हे सगळे डोळे मिटून, हात जोडून, गंभीरपणे लिहावे. आपल्याआधी अनेकांनी ते इतके गंभीरपणे घेतले की नोव्हेंबर 2021 मध्ये कंपनीला स्वतःच जाहीर करावे लागले की हे साम्राज्य अनुकरणासाठी नसून तो उपहास आहे. विनोद सांगून झाल्यावर तो विनोद होता असे कळवण्यासाठी पत्रक काढावे लागणे, एवढे यश फार थोड्या विनोदांना लाभते. आपल्या कथेमुळे दुसरे पत्रक निघाले तर मी आपला सत्कार करीन.

शेवटाची चिंता करू नये, कारण शेवट होत नसतो. या युद्धातल्या प्रत्येक सैन्याचे सैनिक खोक्यात भरून दुकानात विकले जातात. त्यांतले एखादे सैन्य आपल्या कथेत कायमचे संपले तर खोक्यांचे काय करायचे? म्हणून जिंकणाऱ्याने थकून जिंकावे, हरणाऱ्याने शपथ घेऊन हरावे, आणि सीमा होती तिथेच राहावी. तलवारी आणि जादूटोण्याचे जे जुने भावंड-विश्व होते, त्याचा तर 2015 मध्ये रीतसर प्रलय केला गेला, सिग्मार या जुन्याच देवाच्या नावाने नवे विश्व मांडले गेले, आणि 2024 मध्ये त्याच बुडालेल्या जगाचा आधीचा काळ घेऊन जुना खेळ पुन्हा बाजारात आला. आपल्या कथेतल्या हौतात्म्याला किती दिवसांची हमी द्यायची, ते यावरून ठरवावे.

मी स्वतः पहिली कथा याच नियमांनी लिहिली होती. आठ पानांत तीन ग्रह, एक आरमार आणि एक धर्मपीठ निकालात काढले होते. मध्ये कुठेतरी, केवळ वाक्याला वजन यावे म्हणून, गोळे पडत असताना खंदकात पातेले डोक्यावर पालथे घालून बसलेला एक आचारी टाकला होता; पलटणीत वाढायचा डाव एकच असल्याने तो त्याने छातीशी घट्ट धरला होता. माझ्या मित्राने कथा वाचली आणि रात्री फोन केला. आरमाराबद्दल तो काही बोलला नाही. “बाकी सगळं ठीक आहे रे,” तो म्हणाला, “पण त्या आचाऱ्याचं पुढे काय झालं?”

चूक ध्यानात आली. दुसऱ्या खर्ड्यात मी आचाऱ्याला काढून टाकले आणि त्या जागी चौथा ग्रह जाळला.