धरण, कोळंबी आणि गोगलगाय

उष्णकटिबंधातल्या रोगांवरच्या एका लेखात त्यांच्या फैलावाचा सगळा दोष वाढत्या तापमानावर टाकला आहे. तापमानाचा वाटा आहेच, पण जमीन आणि पाणी आपण कसं वापरतो हा मुद्दा एका ओळीत उरकायला नको होता.

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीचंच बघा. १९८६ मध्ये तिच्या मुखाजवळ दियामा धरण झालं. समुद्राचं खारं पाणी आत शिरणं थांबलं, ऊस आणि भाताला बारमाही गोडं पाणी मिळालं. याच पाण्यात शिस्टोसोमियासिसच्या (पाण्यातून त्वचेवाटे शरीरात शिरणाऱ्या जंतांमुळे होणारा रोग) जंतांना पोसणाऱ्या गोगलगाई माजल्या. दोनच वर्षांत नदीकाठच्या रिशार-तोल गावाच्या परिसरात आतड्यांच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण दिसू लागले आणि साथ पसरली. त्यात या गोगलगाई खाणाऱ्या कोळंबीची ये-जा धरणानं अडवली, कारण तिची पिल्लं मचूळ पाण्यातच वाढतात. हे कुठल्याही थर्मामीटरवर दिसणारं नाही!

बोर्निओत जंगल तोडून शेती वाढली, तसा माकडांमधला नोलेसी हिवताप (प्लाझमोडियम नोलेसी या परजीवीमुळे होणारा) माणसांत वाढला, तोही याच प्रकारातला.

उपायही शेतातच सापडतात. भातखाचरात सतत पाणी न ठेवता अधूनमधून ते आटू दिलं, तर डासांच्या बऱ्याच अळ्या वाढ पूर्ण होण्याआधीच मरतात. पाणीही वाचतं. मात्र एकानेच करून भागत नाही, आजूबाजूच्या सगळ्या खाचरांचं वेळापत्रक जुळावं लागतं. म्हणून सिंचन योजना आखताना पहिल्या बैठकीपासून आरोग्य खात्याचा माणूस हवा.