‘रडगाणं’ म्हणणाऱ्या महोदयांस

महोदय,

नाव दिलेलं नाहीत, म्हणून महोदय. पायाच्या जुन्या जखमेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. दाबपट्टी बांधण्याआधी धमन्यांचा रक्तपुरवठा तपासावा लागतो, हे मी सांगितलं नाही. नादुरुस्त शीर बंद करणाऱ्या लेझरचं नाव घेतलं नाही. आणि ‘वडिलांच्या पायाचं रडगाणं गाऊन लोकांना डॉक्टरकी शिकवू नका.’

तिसऱ्यापासून सुरू करतो.

रडगाणं? माझे वडील इचलकरंजीत पॉवरलूमवर २६ वर्षं उभे होते. बारा तासांची पाळी, आणि मागावर बसून काम होत नाही. डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली. तिथे एकदा सायकलचं पेडल लागलं आणि ती जखम सात वर्षं भरली नाही. वास यायचा म्हणून वडील पंगतीत बसायचे नाहीत, ‘भूक नाही’ म्हणायचे. हळद झाली, कडुनिंबाचं पाणी झालं, मेडिकलवाल्यानं दिलेली एकेक ट्यूब झाली. चार डॉक्टरांनी जखम पाहिली, वरचा पाय कुणी पाहिला नाही. हे सगळं मी लेखात दीड परिच्छेदात उरकलं होतं. तुमच्याकडे रडगाणी इतकी आटोपशीर असतात का?

पाचवे डॉक्टर मिरजेचे. त्यांनी वडिलांना आधी उभं केलं आणि म्हणाले, ‘जखम खाली आहे, दुखणं वर आहे.’ शिरांतल्या झडपा निकामी झाल्या की वर जायचं रक्त खाली साचतं, आणि त्या दाबानं घोट्याजवळची कातडी खराब होते. तो दाब उतरत नाही तोवर मलम कुठलंही लावा. मग थरांची पट्टी आली. घोट्याशी सगळ्यांत घट्ट, पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास दाब, गुडघ्याकडे कमी होत जाणारा. वर रोज चालायचं, कारण पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं. चौदा आठवड्यांत जखम मिटली. दर आठवड्याला पट्टी सुटताना खाली बादली मी धरायचो. ही डॉक्टरकी नव्हे, हे मलाही कळतं. पण बादली धरणाऱ्यानं बोलूच नये, हा नियम कुणी केला?

एक चूक मान्य. लेखात एका ठिकाणी मी ‘क्रेप बँडेज’ लिहिलं. साधं क्रेप दोन दिवसांत ढिलं पडतं, ते दाबपट्टीचं काम करत नाही. दुरुस्त करतो.

बाकीचं थोडक्यात. तपासणी म्हणाल तर मिरजेच्या डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावून मोजला होता. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागलं की ०.८ च्या खाली उत्तर आलं तर पूर्ण दाबाची पट्टी बांधत नाहीत, धमनीच अरुंद असेल तर पाय गमवायची वेळ येते. मला माहीत होतं. लेखात नव्हतं, कारण लेख वडिलांवर होता, पाठ्यपुस्तक नव्हतं. बरं, घालतो तेही वाक्य.

लेझर! तुम्ही ज्या २०१८ च्या ब्रिटिश अभ्यासाचा दाखला फेकलात, तो पुढेही वाचायचा होतात. ४५० रुग्ण होते. नादुरुस्त शिरेवर लवकर उपचार झालेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, हा उपचार पुढे ढकललेल्यांपैकी निम्म्यांच्या ८२ दिवसांत. पण पट्टी दोन्ही गटांना होती, महोदय. दोन्ही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. वडिलांना मात्र वाचून दाखवली नाही. ते आता ७४ वर्षांचे आहेत, एप्रिलच्या उकाड्यातही गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे चढवतात आणि चढवताना मला शिव्या देतात.