कापसाचा बर्फ आणि नाचणीचं गवत

परवा फोंड्याच्या बाजारात एक आई भेटली. कडेवर धाकटा, हातातल्या पिशवीत थर्माकोलचे दोन गोळे आणि कापसाची गुंडाळी. मोठी मुलगी चार वर्षांची. तिच्या शाळेने नाताळाच्या सुट्टीआधी स्नोमॅन घरून करून आणायला सांगितलाय. "टीचर, रात्री अकरा वाजता मीच बसणार करायला, ती तर तेव्हा निजलेली असणार," ती म्हणाली. ऐकून फार वाईट वाटलं. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले.

मी 19 वर्षं बालवाडीत शिकवते. पहिल्या वर्षी मीही भिंतीवर निळा कागद लावून त्यावर मुलांकडून कापूस चिकटवून घेतला होता आणि वर मोठ्या अक्षरांत 'हिवाळा' लिहिलं होतं. साडेतीन वर्षांच्या एका मुलाने तो बोटाने दाबून बघितला आणि विचारलं, "टीचर, हें कितें?" मी सांगितलं, बर्फ. तो म्हणाला, "बर्फ थंड आसता. हो कापूस."

त्याचं खरं होतं. गोव्यात डिसेंबरात दुपारी पारा 32 अंशांपर्यंत जातो आणि पहाटे 20-21 ला आला तरी आपण स्वेटर काढतो. आपल्या मुलांनी पाहिलेला हिवाळा वेगळा आहे. सत्तरी तालुक्यातलं सकाळचं धुकं, गवतावरचं दव, वायंगणाची म्हणजे हिवाळी भाताची लावणी, आंब्याला फुटणारा मोहोर, जात्रेतली खाज्यांची दुकानं. काळ्या कागदावर ओल्या पांढऱ्या खडूने धुकं काढायला द्या. खडू ओला असताना रेघ फिकट दिसते, वाळली की पांढरी उठते, आणि ते बघून मुलं दर वेळी ओरडतात. तपकिरी फांदी काढून तिच्यावर पिवळसर रंगात बोटं बुडवून मोहोराचे ठिपके उमटवायला द्या. तीन वर्षांचं मूलही हे एकटं करतं, टीचरने हात धरावा लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाची वस्तू त्याच्या हातची दिसली पाहिजे, आणि ज्यापासून ती केली ते त्याने आधी हाताळलेलं असलं पाहिजे. वाकडी झाली तर वाकडी राहू दे. 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, दगड गोळा केले आणि त्यांतूनच मुलांचे हात आणि डोळे तयार केले. आज आपल्याकडे पैसे आहेत, ऑनलाइन किट दुसऱ्या दिवशी दारात येतं, आणि मुलाच्या वाट्याला फक्त तयार डोळे चिकटवणं उरतं.

नाताळाच्या ताऱ्याचंच घ्या. आमच्याकडे त्याला नखेत्र म्हणतात. दिवाळीचा आकाशकंदील उतरतो न उतरतो तोच शेजारच्या वाड्यावर नखेत्रं चढतात. तशाच कामट्या, तसाच रंगीत कागद. पाच टोकांचा तारा मात्र चार वर्षांच्या मुलाला जमत नाही, हे मी खूप वेळा पाहिलंय. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या तीन काड्यांचा एक त्रिकोण, तसाच दुसरा, आणि तो पहिल्यावर उलटा ठेवायचा. सहा टोकांचं नखेत्र तयार. मग लोकरीचा धागा द्यायचा आणि गुंडाळत बसू द्यायचं. एक हात काडी धरतो, दुसरा धागा फिरवतो. दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करणं या वयात फार मोठी गोष्ट आहे, बटण लावायला आणि पुढे पेन्सिल धरायला तेच उपयोगी पडतं. (माडाचे हीर वापरायचा मोह होतो, पण त्यांची टोकं डोळ्यांत जातात. लहानांसाठी नकोच.)

आणि करमलं, म्हणजे स्टारफ्रूट! झाडाखाली पडून फुकट जातात. आडवं कापलं की आत आयता पाच टोकांचा तारा. कापायचं काम मोठ्यांनी करायचं, काप कपड्यावर टिपून घ्यायचे, नाहीतर रसाने कागद भिजतो आणि रंग पसरतो. मग पांढऱ्या रंगात बुडवून निळ्या कागदावर ठसे. करमल मिळालं नाही तर भेंडी आहेच, तिचाही छोटासा तारा उमटतो. पावसात आपली सात शिरांची भेंडी मिळते तेव्हा तिचे ठसे काढून ठेवा आणि डिसेंबरात मुलांना दोन्ही दाखवून टोकं मोजायला सांगा. गणित वेगळं शिकवावं लागत नाही.

पण मला विचाराल तर या दिवसांतली सगळ्यात सुंदर हस्तकला स्वयंपाकघरात चालते. आमच्या शेजारी एक म्हातारी आहे, गावातली सगळी पोरं तिला मांय म्हणतात. नाताळाच्या आठवड्यात ती कुलकुलं, म्हणजे पिठाचा तळलेला गोड फराळ, करायला बसली की वाड्यावरची मुलं तिच्याभोवती. पिठाची बोराएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर दाबायची आणि अलगद गुंडाळत सोडवायची. जास्त दाबली तर चिकटते, कमी दाबली तर रेघा उठत नाहीत. किती जोर लावायचा हे त्या बोटांना कुणी सांगू शकत नाही, ती आपसूक शिकतात. मांय कुणाचं कुलकुल मोडून परत करत नाही. सगळी तळते, वाकडीसुद्धा. तिच्याकडून मी शिकले आणि वर्गात मिठाचं पीठ आणलं: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घालायचं. काट्याच्या रेघा, शिंपल्याचा ठसा, दोरा ओवायला पेनाच्या टोपणाने भोक. आपल्याकडचं डिसेंबरचं ऊन कोरडं असतं, दोन-तीन दिवसांत वस्तू कडक वाळतात. पावसाळ्यात करून बघितलं होतं, बुरशी आली.

थोडं काळजीचं. वर्गात कुणी तीन वर्षांच्या आतलं असेल तर थर्माकोलचे मणी, बारीक मोती, टिकल्या नकोत. टॉयलेट पेपरच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती घशातही जाऊ शकते, एवढी खूणगाठ पुरे. बटन सेलवर चालणारे चमकते दिवे तर मुलांच्या हाती देऊच नका. तो सेल गिळला गेला तर थोड्या तासांत अन्ननलिका भाजते, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि लाल-काळ्या गुंजा. दिसायला इतक्या गोड की सजावटीला हमखास कुणीतरी घेऊन येतं. गुंज विषारी आहे, चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. माझ्या वर्गात एकदा एक मुलगी मूठभर घेऊन आली होती. त्या दिवशी मी सगळ्यांचे खिसे तपासले.

काही पालक विचारतात, आपण हिंदू, मग हे नाताळाचं कशाला? प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून मीही मनापासून उत्तर देते. मुलाच्या घरासमोर नखेत्र लागलेलं असतं, मांयच्या घरून ताटलीत नेवऱ्या (करंज्या) आलेल्या असतात, आणि चवथीला आपल्याकडून त्यांच्याकडे गेलेल्या असतात. ते त्याने आधीच पाहिलंय. वर्गात आम्ही त्याविषयी बोलू दिलं नाही तर त्याला वाटेल की यात काहीतरी लपवायचं आहे.

गोठ्याची गोष्ट तर मला अतिशय प्रिय आहे. येशूजन्माच्या देखाव्याला आमच्याकडे गोठो म्हणतात. त्यात हिरवं गवत हवं म्हणून नाचणी रुजत घालतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घटस्थापनेचं रुजवण आठवलं, तशीच माती, तसेच दाणे, तशीच कोवळी पोपटी पाती. आता आम्ही वर्गात दर वर्षी पेरतो. नाचणी रात्रभर भिजवायची, करवंटीत माती घालून वर पसरायची, रोज मुलांनी हातानेच पाणी शिंपडायचं. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, दहा-बारा दिवसांत बोटाएवढं गवत. रोज सकाळी दप्तर टाकून आधी करवंटीकडे धावतात. बुटांच्या खोक्यात थोडा भाताचा पेंढा, मातीची गाय, मातीचं बाळ. गेल्या वर्षी एका मुलाने बाळाशेजारी मांजर ठेवलं, त्याच्या घरी बाळाशेजारी मांजर झोपतं म्हणून. ते तसंच राहिलं.

यंदाची नाचणी 12 तारखेला रात्री भिजत घालणार आहे. गावातल्या कुणाकडे फोडलेल्या करवंट्या असतील तर फेकू नका, बालवाडीच्या पायरीवर आणून ठेवा. 23 लागतील. आणि बाजारात भेटलेल्या त्या आईला मी शनिवारी घरी बोलावलंय, मुलीला घेऊन. करमलं मी गोळा करून ठेवलीत.