आहेराची फाइल

नाशिकच्या काकांच्या नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलं आणि आमच्या घरात एकच प्रश्न उभा राहिला: आपल्याकडच्या मुंजीत त्यांनी काय दिलं होतं? आहेर म्हणजे काही देवाणघेवाण नव्हे, असं सगळेच म्हणतात. म्हणूनच त्याची यादी जपून ठेवावी लागते.

यादी होती. ‘आहेर’ नावाची एक्सेलची फाइल. नाव, गाव, वस्तू अथवा रोख, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘पुढे देता येईल’ अशा गोपनीय नोंदी. मी ऐटीत फाइल उघडली. पहिल्याच ओळीत: चणाडाळ, ३ किलो.

दोन दिवसांपूर्वी सौ.ने दिवाळीच्या वाणसामानाची यादी तोंडी सांगितली होती. नवे रकाने कोण आखत बसणार, म्हणून मी आहेराचीच फाइल उघडली, पाहुणे पुसले, डाळी भरल्या आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ऐवजी ‘सेव्ह’ केलं. फोनवर तरी जुनी असेल म्हणून बघितलं, तर तिथेही चणाडाळच. भाच्याला फोन लावला. “मामा, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही इथे माती खाल्लीत की ती तिथेही जाते.”

पण बॅकअप होता! जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ८ होतं, त्यातली ‘फाइल हिस्टरी’ मी आठवणीने चालू केली होती. ती दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत एका एक टीबीच्या ड्राइव्हवर टाकत असे. तो कॉम्प्युटर भंगारात गेला, ड्राइव्ह माळ्यावर गेला. जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो. आपल्याकडे त्या दिवशी मार्च एण्डमुळे कुणाला मान वर करायला फुरसत नसते आणि दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल. माझं शहाणपण साधारण या दोन तारखांच्या मधलं.

ड्राइव्ह पैठणीच्या रिकाम्या खोक्यात सापडला. केबल नाही. या ड्राइव्हची पिन म्हणजे दोन चपट्या पिना शेजारी शेजारी चिकटवल्यासारखी रुंद, दुसऱ्या कशालाही न चालणारी. आमच्या वायरींच्या ड्रॉवरमधून नऊ चार्जर, टीव्हीची एक पिवळी-लाल-पांढरी वेणी आणि कुठल्या तरी शेव्हरची वायर निघाली. शेवटी भाच्यानेच केबल आणून दिली. ती देताना त्याने ज्या नजरेने पाहिलं, तसं आम्ही पूर्वी गच्चीवर अँटेना फिरवणाऱ्या काकांकडे पाहायचो.

ड्राइव्ह घुरघुरला, लागला. आत फोल्डर, त्यात माझं नाव, त्यात कॉम्प्युटरचं नाव, मग ‘डेटा’, मग ‘सी’... वाड्यात दिंडी दरवाजापासून माजघरापर्यंत जावं तसा मी आत गेलो, तर समोर एक ‘आहेर’ नव्हे, सतरा. प्रत्येकाच्या शेपटाला कंसात तारीख-वेळ. पहिला: २०१४_०५_११ १८_५२_०७ यूटीसी.

मी चक्रावलो. ११ मे २०१४, रविवार, मुंजीचाच दिवस. संध्याकाळी सहा बावन्नला मी कार्यालयाच्या मागच्या दाराशी उभा राहून टेंपोत पातेली मोजून चढवत होतो. मग यादी टाइप केली कुणी? यूटीसी म्हणजे ग्रिनिचकडची वेळ, त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे, हे ध्यानात यायला चहा लागला. म्हणजे रात्रीचे बारा बावीस. बरोबर! सौ. पाकिटं फोडत सांगत होती आणि मी डुलक्या घेत टाइप करत होतो.

त्या डुलक्या यादीत उतरल्या होत्या. पहिल्या आवृत्तीत काकांपुढे ५०१. तिसऱ्या आवृत्तीत ५००१. आठवीपासून पुढे काकाच गायब, त्यांच्या जागी ‘भिंतीवरचं घड्याळ’, गाव कोरं. मला वाटलं होतं, बॅकअप म्हणजे खरं काय ते ठणकावून सांगणारा साक्षीदार. इथे सतरा साक्षीदार आणि प्रत्येकाची जबानी वेगळी.

पाचशे एक आणि पाच हजार एक यांत लग्नघरी फार अंतर पडतं. मी तिसरी आवृत्ती उचलली (नात्यापेक्षा भीतीपोटी), कॉपी करून तिच्या नावातली ती यूटीसीची शेपटी खोडली आणि ‘आहेर’ म्हणून मूळ फोल्डरात आणून टाकली. या नावाची फाइल इथे आधीच आहे, ती बदलायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तीन तास याच क्षणासाठी घालवले होते. मी ‘हो’ म्हटलं.

“अहो, सापडलं का?” सौ. स्वयंपाकघरातून आली.

“एका ठिकाणी पाचशे एक आहे, एका ठिकाणी पाच हजार एक.”

“पाचशे एकच. पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं होतं, काढताना पाकीट फाटलं होतं. मला आठवत होतं, मी फक्त खात्री करून घेत होते.”

मी काही बोललो नाही. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, चष्मा पुसला.

“बरं, आता ती वाणसामानाची यादी उघडा. पोह्यांखाली भाजकी डाळ घालायची राहिली आहे.”